मीटर चांगला दाखवतो, हाच घोळ आहे

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या हौशी रेडिओवाल्यांच्या गप्पांत एक मत इतकं मुरलंय की त्याला आता कुणी मत म्हणतच नाही. ते असं: गच्चीवरची अँटेना एकदा नीट उभी केली की तिला हात लावू नये. हात लावला की बिघडते. पावसात काही झालंच तर दिवाळीनंतर आभाळ निवळलं की वर जाऊन बघू. याच मंडळींच्या तोंडी, बहुतेक वेळा त्याच बैठकीत, दुसरंही एक वाक्य असतं: वीज गेली, मोबाइल बंद पडले, पूर आला, की शेवटी कामाला येतो तो हॅमच.

ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाला म्हणता येत नाहीत, हे मला ठासून सांगायचं आहे. पूर दिवाळीनंतर येत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा इकडे उल्हास नदीनं बदलापूर आणि कल्याणच्या सखल वस्त्यांत पाणी घातलं. २०१९ मध्ये तारीख जवळपास तीच. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात उभी राहिली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना दुसऱ्या दिवशी बोटींनी बाहेर काढावं लागलं. २०२१ ला बदलापुरात पाणी शिरलं, तोही जुलैच. म्हणजे आपल्याकडे ज्या दिवशी अँटेना चालायलाच हवी, तो दिवस सहा-सात आठवडे सतत भिजून झाल्यावर येतो. त्या दिवशी ती कोणत्या अवस्थेत असेल हे मे महिन्यात ठरून गेलेलं असतं. जुलैत गच्चीवर छत्री घेऊन काही ठरवता येत नाही.

वाचकांपैकी ज्यांचा या छंदाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ म्हणजे परीक्षा देऊन, केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना घेऊन, व्हीयू २ किंवा व्हीयू ३ अशा अक्षरांनी सुरू होणारं आपलं सांकेतिक नाव घेऊन, स्वतःच्या खर्चानं चालवलेलं घरगुती रेडिओ केंद्र. यात पैसे मिळवायला मनाई आहे. मधे कुठली कंपनी नाही, तिचा टॉवर नाही, केबल नाही. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीशी थेट. म्हणून तर आपत्तीत त्याचा उपयोग, आणि म्हणूनच सगळी भिस्त त्या दोन गच्च्यांवर.

इथे मला हमखास किल्लारी ऐकवलं जातं. १९९३ चा भूकंप, मग २००१ चं भूज, मग २००४ ची त्सुनामी आणि पोर्ट ब्लेअरहून बोलणाऱ्या भारती प्रसाद. तिन्ही उदाहरणं खरी आहेत आणि तिन्हींबद्दल अभिमान वाटावा असंच ते काम होतं. पण त्यांतून काय सिद्ध होतं ते बघा. किल्लारीला आणि भूजला हौशी मंडळी रेडिओ, बॅटऱ्या आणि तारा घेऊन गेली आणि तिथं पोचल्यावर अँटेना बांधली. अंदमानात तर हौशी मंडळींची मोहीम डिसेंबरच्या सुरुवातीलाच पोचली होती. अँटेना नव्या कोऱ्या, रोज वापरातल्या, रोज नजरेखालच्या, आणि २६ डिसेंबरला लाट आली. नव्यानं बांधलेली अँटेना चालते, एवढंच या तिन्ही गोष्टी सांगतात. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या बाजूच्या इमारतीवर सात पावसाळे खाल्लेल्या आणि एकदाही न उतरवलेल्या अँटेनाबद्दल त्या काहीही सांगत नाहीत.

आता मुख्य युक्तिवाद. “अहो, माझा एसडब्ल्यूआर सव्वा आहे. केबल खराब असती तर मीटरनं दाखवलं नसतं का?”

नाही, दाखवलं नसतं. उलट केबल जितकी खराब, तितका मीटर खूश. हा एसडब्ल्यूआर मीटर काय मोजतो? आपण वर पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत फिरून खाली आली, ते; आकडा एकाच्या जितका जवळ, तितकी कमी परत आली. परत आली नाही, म्हणजे ती अँटेनातून हवेत गेली असं आपण धरून चालतो. ती वाटेतच केबलमध्ये गरम होऊन संपली असेल, हे मीटरला कळायचं कसं? तो खाली खोलीत, रेडिओच्या शेजारी बसलेला आहे.

आकडे घेऊ. आरजी-५८ ही बारीक केबल आपल्याकडे सर्रास वापरतात. १४५ मेगाहर्ट्झवर तिची गळती १०० मीटरला सुमारे २० डेसिबल. चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून, वळसे घेत, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत यायला ३० मीटर केबल सहज लागते. झाली ६ डेसिबलची गळती. २५ वॅट सोडले तर वर सहा-सव्वासहा पोचतात, आणि हे कोरड्या, नव्या केबलचं. आता वरची अँटेना वाऱ्यानं उडून शेजारच्या पत्र्यावर पडली आहे असं समजा. केबलचं टोक उघडं. पूर्ण शक्ती टोकावरून परत फिरते, येताना पुन्हा ६ डेसिबल गमावते आणि मीटरपर्यंत जे येतं त्यातून एसडब्ल्यूआर दिसतो जेमतेम १.६७. अँटेनाच नाही, आणि मीटर म्हणतो चालेल.

पाणी शिरून हीच गळती १० डेसिबलवर गेली की अँटेनाशिवायचा आकडा होतो १.२२. म्हणजे ज्या सव्वाच्या आकड्याचा दाखला देऊन लोक मला गप्प करतात, तो आकडा निरोगी अँटेनाचाही असू शकतो आणि अँटेना नसण्याचाही. केबल घातल्यावर पहिल्या वर्षी मीटर १.६ दाखवत होता आणि काही न करता तो चौथ्या वर्षी १.२ वर आला, हे ऐकून ज्याला आनंद होतो त्यानं लगेच गच्चीवर जावं.

खरी तपासणी साधी आहे. वरच्या टोकाला अँटेना काढून डमी लोड (अँटेनाच्या जागी शक्ती जिरवणारा रोध) लावायचा, आणि वॅटमीटर आधी खाली, मग वर लावून दोन आकडे घ्यायचे. किंवा नॅनोव्हीएनए हे आता बहुतेकांकडे असलेलं खिशातलं यंत्र वापरायचं: वरचं टोक शॉर्ट करायचं, खालून परतीची घट बघायची, तिचा निम्मा म्हणजे एकेरी गळती. हा आकडा केबल नवी असताना लिहून ठेवला असेल तर दर वर्षी तुलना होते. लिहून कुणी ठेवत नाही, हा भाग वेगळा.

पाणी शिरतं कुठून? बहुतेक वेळा कनेक्टरमधून. पीएल-२५९ हा आपला लाडका कनेक्टर १९३० च्या दशकातला आहे आणि तो पाणी अडवण्यासाठी बनवलेलाच नाही. त्यात रबराची चकती नाही, आटे उघडे आहेत. एन कनेक्टर १९४० च्या दशकात बेल लॅब्जच्या पॉल नील यांनी आखला, त्यात गॅस्केट असते. पण केबलच्या बाजूचा नट आणि रबर नीट बसवले नाहीत तर तोही गळतो. एकदा पाणी आत गेलं की ते कनेक्टरपाशी थांबत नाही. तांब्याची जाळी ते वातीगत ओढून घेते आणि मीटर-मीटर खाली नेते. म्हणून कनेक्टर बदलायला घेतलेल्या माणसानं एक फूट केबल कापून जाळीचा रंग बघावा. तांबूस चकचकीत असेल तर ठीक. काळपट किंवा हिरवट असेल तर अजून एक फूट कापावी, आणि तिथंही तीच कथा असेल तर नवी केबल आणावी. जुन्याला नवा कनेक्टर लावून समाधान मानणारे मी पुष्कळ पाहिलेत.

“मी सिलिकॉन फासलंय” हे पुढचं उत्तर. कोणतं सिलिकॉन? हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त नळीला व्हिनेगरसारखा वास येतो. तो अ‍ॅसेटिक आम्लाचा वास आहे, आणि सुकताना ते आम्ल तांब्याला खातं. संडासाच्या भांड्याभोवती लावायला ते उत्तम, कनेक्टरवर नको. आपसूक एकजीव होणारी रबरी टेप मिळते, ती दुप्पट ताणून, निम्मी एकमेकींवर चढवत गुंडाळायची. त्यावर उन्हात न तडकणारी चांगली काळी विनाइल टेप. सगळ्यात आत आधी विनाइलचा एक थर द्यावा, म्हणजे पुढच्या वर्षी सगळं सोलून काढता येतं. गुंडाळायचं खालून वर. शेवटचा वेढा वरचा असला की पाणी कौलांवरून उतरावं तसं उतरतं. वरून खाली गुंडाळलं तर प्रत्येक कडेला पाणी आत घेणारा ओठ तयार होतो. आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथून टपकतं, भिंतीतून आत येत नाही. यातलं एकही काम अवघड नाही. अवघड असतं ते दर वर्षी करणं.

दर वर्षी कशाला, पुण्यातला माझा मित्र पाच वर्षांनी करतो, असंही कुणी म्हणेल. पुण्याची हवा आणि आपली हवा एक नाही. आपल्याकडे तीन-चार महिने सगळं ओलं असतं आणि त्या ओलीत काय विरघळलेलं असतं हे रात्री बदलापूर-अंबरनाथच्या एमआयडीसीजवळ राहणाऱ्यांना नाकानं ठाऊक आहे. शहाडला व्हिस्कोस रेयॉनचा कारखाना आहे. व्हिस्कोसच्या प्रक्रियेत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि या वायूनं तांबं आणि चांदी दोन्ही काळी पडतात हे शाळेतलं रसायनशास्त्र आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात वालधुनी नदीत सोडलेल्या रसायनांच्या वाफेनं उल्हासनगरात कित्येकांना इस्पितळात न्यावं लागलं होतं. जी हवा माणसाच्या फुप्फुसाला इतकं करते, ती चांदीचा मुलामा दिलेल्या कनेक्टरला सोडून देईल अशी आशा का धरायची? परदेशी कंपनीच्या माहितीपत्रकातलं केबलचं आयुष्य इथं वाचूच नये.

खांबाचं तेच. जीआय पाइप घेतला, बी क्लासचा घेतला, म्हणजे गंजणार नाही ही समजूत. जस्ताचा थर असतो तोवर गंजत नाही. फॅब्रिकेटर त्यावर क्लॅम्प वेल्ड करतो तेव्हा त्या जागेचं जस्त जळून जातं आणि तो वर चंदेरी रंग मारून देतो. दिसायला सारखंच. पुढच्या पावसाळ्यात नेमक्या त्याच जोडातून तांबडा ओघळ येतो. तिथं जस्तयुक्त प्रायमर हवा, किंवा मुळात वेल्डिंगच नको, क्लॅम्प नटबोल्टचे हवेत. पाइपाच्या वरच्या तोंडाला टोपी हवी आणि बुडाशी भोक हवं, नाहीतर तो आतून सडतो आणि बाहेरून ठणठणीत दिसतो. अर्थिंगची तांब्याची पट्टी थेट जीआयवर आवळली की जस्त आधी संपतं. मधे स्टेनलेस स्टीलचा क्लॅम्प घालावा. ताणाच्या तारेच्या बुलडॉग क्लिपा उलट्या लावलेल्या तर इतक्या ठिकाणी दिसतात की सुलट दिसली की बरं वाटतं. यू बोल्ट तारेच्या मोकळ्या शेपटावर, खोगीर भार घेणाऱ्या तारेवर.

आणि हो, उल्हासनगरच्या मालावर खापर फोडणंही पुरे. “यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन” हा विनोद आपल्या आजोबांच्या पिढीपासून चालू आहे. बाजारात जस्ताच्या मिश्रधातूचे हलके कनेक्टर मिळतात हे खरं, पण पांढऱ्या टेफ्लॉनचे, पितळेचे कनेक्टरही त्याच गल्लीत मिळतात. खिशातला चुंबक इथे कामाचा नाही, जस्त त्याला चिकटत नाही; कनेक्टर हातात तोलून घ्या. घेणारा दहा रुपयांसाठी हलका माल उचलतो आणि मग शहराला नावं ठेवतो.

“हातात हँडी आहे की, बाहेरची अँटेना हवीच कशाला” या मताला फार वेळ देत नाही. पाच वॅटचा हातातला संच आरसीसीच्या फ्लॅटमधून, नजरेच्या रेषेत जाणाऱ्या लहरींवर. बदलापूरच्या नैर्ऋत्येला चंदेरी, म्हैसमाळ, मलंगगडाची रांग. ठाण्याच्या वाटेवर पारसिकचा डोंगर. जिल्हाधिकारी कार्यालय ठाण्याला आहे. बोला हँडीवरून.

आता सोसायट्यांकडे वळतो, कारण त्यांचा विरोध वेगळ्या टोकाचा आहे आणि त्यात थोडं तथ्य आहे. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. तेव्हापासून गच्चीवरचं काहीही उभं दिसलं की कमिटी म्हणते: उतरवा, उद्या पडलं तर?

ते होर्डिंग १२० फूट बाय १२० फूट होतं. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. त्या वेगाला चौरस मीटरमागे दाब येतो सुमारे ११८ किलो. आकाराचे गुणांक बाजूला ठेवले तरी त्या होर्डिंगवर हा रेटा दीडशे टनांच्या वर जातो. सहा मीटरचा दोन इंची पाइप आणि त्यावरची छोटी यागी अँटेना मिळून वाऱ्याला तोंड देणारं क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटरच्या आसपास: ३५ किलो. या दोन वस्तूंना एका ठरावात बसवू नका, सेक्रेटरी साहेब.

पण म्हणून ३५ किलो म्हणजे काहीच नाही असं म्हणणाऱ्या हौशी मित्रांनीही पुढचं गणित करावं. हा रेटा सरासरी चार मीटर उंचीवर धरला आणि पाइप नुसता बुडाच्या प्लेटवर उभा असला, तर २० सेंटिमीटर अंतरावरच्या बोल्टांच्या जोडीला उपटणारी ओढ सुमारे ७०० किलोची येते. तोच पाइप पाच मीटर उंचीवर ताणाच्या तारांनी धरला, तर ४५ अंशांत उतरणाऱ्या तारेला वाऱ्यामुळे ४० किलोच वाढीव ओढ येते. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये पंधरवड्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून बळी गेले. अशा शहरातल्या तीस वर्षांच्या स्लॅबमध्ये ७०० किलोचा भरवसा टाकून बोल्ट ठोकणाऱ्याला मी हौशी म्हणणार नाही. तारा पॅरापेटला बांधणंही तसंच, तो अर्ध्या विटेचा असतो. जिन्याच्या किंवा लिफ्टच्या खोलीचे कॉलम वर आलेले असतात, ते शोधावेत.

शिवाय कमिटीचा खरा राग होर्डिंगवरून नसतोच. तो गळतीवरून असतो. ब्रिकबॅट कोब्याला पाडलेलं एक भोक, आणि चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला बुरशी. ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे, आणि तिच्यापुढे केंद्राचा परवाना दाखवू नये. तो लहरींचा परवाना आहे, गच्चीचा नाही. कोब्याला भोक पाडायचं नाही, भार पसरणारा काँक्रीटचा ठोकळा ठेवायचा, तारा कॉलमला. इतकं लेखी दिलं आणि दर मेमध्ये कमिटीतल्या एकाला वर नेऊन दाखवलं तर अर्धी भांडणं मिटतात. उरलेली अर्धी टीव्हीत येणाऱ्या खरखरीची. त्यातही दर वेळी रेडिओवाल्याचा दोष नसतो: गळती झाकायला सोसायटीनंच घातलेल्या पत्र्याच्या शेडचे गंजलेले जोड रेडिओलहरी पकडून भलत्याच कंप्रतेवर पुन्हा सोडतात. शेडचे बोल्ट बदलले की खरखर जाते, हे सांगून पटत नाही, करून दाखवावं लागतं.

शेवटचा आक्षेप प्रामाणिक आहे. साठी उलटली, गुडघे गेले, पाइपावर चढणार कोण? कुणीही नाही. दोन इंची पाइप चढण्यासाठी नसतोच, पंचविशीतल्या पोरानंही चढू नये. बुडाला बिजागरी असलेली प्लेट करून घ्यावी; एका बाजूची तार सोडायची, दोघांनी बाजूच्या तारा धरायच्या, तिसऱ्यानं दोरीनं सावकाश उतरवायचं, की अँटेना खाली, कमरेच्या उंचीला. मग संक्रांतीपासून अडकलेला नायलॉनचा मांजाही निघतो आणि कावळ्यानं आणलेल्या तारांचं घरटंही. महावितरणच्या उघड्या तारा खांबाच्या उंचीपेक्षा जवळ असतील तर हा खेळ करायचाच नाही. तिथं खांबाची जागाच चुकली आहे, ती आधी बदलायची.

आणि हे सगळं आगोटीच्या कामांत धरावं. आपल्याकडे पत्रे, कौलं, पागोळ्या, वर्षाची मिरची, सगळं रोहिणीच्या आत उरकतात. २५ मेला रोहिणी लागते, ७ जूनच्या सुमारास मृग. त्याआधी वळीव गाठतो, आणि तो बहुधा दुपारनंतर, गडगडाटासह, म्हणून धातूचा खांब हातात घ्यायचं काम सकाळी सातला सुरू करून दहाच्या आत संपवावं. दहानंतर गच्चीवर तसंही उभं राहवत नाही.